२०० एमबीपीएसचा प्लॅन, नवा वाय-फाय ६ राउटर, तरी स्पीड ९४ च्या पुढे जात नाही. राउटर परत करू का?

परत करू नका, निदान आज तरी नको. तुम्ही लिहिलंय की राउटरच्या शेजारी उभं राहून मोजलं तरी स्पीड ९३-९४ वर अडतो, जुना टीव्ही नव्या वाय-फायला जोडलाच जात नाही, आणि नेट कंपनीचा माणूस ‘आम्ही बसवलेल्या बॉक्सचंच वाय-फाय वापरा, बाहेरच्या राउटरचं आम्ही बघत नाही’ म्हणून निघून गेला. पैसे मोजून हे ऐकून घ्यावं लागलं की संताप होणारच. पण तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून राउटर निर्दोष दिसतोय.

मला खटकला तो ९४ हा आकडा. वाय-फायचा स्पीड असा एका जागी ठाम राहत नाही. खोली बदलली की पडतो, रात्री शेजारपाजारचे राउटर कामाला लागले की डगमगतो. ९४ वर खिळून राहतो तो वायरीचा स्पीड. इथरनेटची, म्हणजे नेटच्या वायरीची, लिंक १०० एमबीपीएसची असेल, तर पॅकेटांचा वरखर्च वजा जाता आपल्या हाती जेमतेम ९४-९५ पडतात. म्हणजे कंपनीच्या बॉक्सपासून तुमच्या राउटरपर्यंतची वाट १०० ची आहे. पुढे वाय-फाय ६ असो की ७, त्याला मिळणार तेवढंच.

आता ती वायर हातात घ्या आणि टोकाचा प्लास्टिकचा जॅक उजेडात धरून बघा. तो पारदर्शक असतो, आतल्या वायरींचे रंग स्पष्ट दिसतात. नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी आणि हिरवी एवढ्या चारच दिसल्या आणि निळ्या-तपकिरी जोड्या गायब असल्या, की चोर सापडला. १०० एमबीपीएसला १, २, ३ आणि ६ या चार पिना पुरतात. गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसला, आठही लागतात. आमच्या साताऱ्याच्या घरी बॉक्स खाली दाराशी आणि राउटर वरच्या मजल्यावर आहे. मधली केबल टाकणाऱ्याने निळ्या आणि तपकिरी वायरी मागे दुमडून सरळ टेपखाली दाबल्या होत्या. तेव्हा प्लॅन ४० चा होता, त्यामुळे कुणाला काही जाणवलं नाही. प्लॅन वाढला आणि हे उघड झालं. ग्राहक पुढे मोठा प्लॅन घेणार हे यांना ठाऊक असतं, तरी दोन मिनिटं वाचवायला अर्धी केबल वाया घालवतात. याचा मला आजही राग येतो.

आठही वायरी दिसल्या तरी लगेच निश्चिंत होऊ नका. एखादी आत तुटली असेल किंवा पिनेला नीट टेकली नसेल, तरी लिंक मुकाट्याने १०० वर उतरते. राउटरच्या सेटिंगच्या पानावर वॅन किंवा इंटरनेट पोर्टचा लिंक स्पीड दिसतो. तिथे १००० यायला हवं. बॉक्सची मागची बाजूही बघा, कारण काही बॉक्सना चारपैकी एकच पोर्ट गिगाबिट असतं आणि बाकीची तीन १०० ची. वायर नेमकी कुठे खोचली आहे यावरही खेळ असतो. केबल बदलायचीच असेल तर कॅट ५ई किंवा कॅट ६ घ्या, पूर्ण तांब्याची. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त केबल दुकानदार पुढे करतो, ती वाकवताना तुटते.

टीव्हीचं दुखणं वेगळं आहे. नवे राउटर अनेकदा डब्ल्यूपीए३ सुरक्षा चालू करूनच येतात आणि जुन्या टीव्हीला, प्रिंटरला ती कळत नाही. ती डब्ल्यूपीए२ वर आणा. मिश्र पर्याय असतो, पण काही जुनी उपकरणं त्यालाही बिचकतात. शिवाय २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या वाय-फायच्या दोन्ही बँडना एकच नाव दिलेलं असेल तर २.४ गिगाहर्ट्झचं नाव वेगळं करा. स्मार्ट प्लग आणि स्वस्त कॅमेरे बहुतेक २.४ वरच चालतात, पहिल्यांदा जोडताना तर हमखास अडतात. नव्या वाय-फायला जुन्याचंच नाव आणि तोच पासवर्ड दिलात तर घरातलं बरंचसं सामान आपसूक जोडलं जातं आणि आईवडिलांच्या फोनवर पुन्हा पासवर्ड टाकत बसावं लागत नाही. फ्लॅटमध्ये राहत असाल तर २.४ वर १, ६ किंवा ११ यापैकीच चॅनेल ठेवा, एकमेकांवर न चढणारे तेवढेच तीन आहेत. मोबाइल आणि लॅपटॉप मात्र ५ वर न्या. भारतात ऑक्टोबर २०१८ पासून ५ गिगाहर्ट्झचा बराच मोठा पट्टा विनापरवाना खुला आहे, तिथे गर्दी कमी असते.

कंपनीच्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नाही, त्याच्याकडे नेमकी मागणी करा: ‘बॉक्स ब्रिज मोडवर टाका आणि पीपीपीओईचं युजरनेम-पासवर्ड द्या.’ म्हणजे बॉक्स नेट नुसतं पुढे देतो, त्या युजरनेम-पासवर्डने लॉगिन तुमचा राउटर करतो आणि सगळा कारभार त्याच्याकडे येतो. नाही म्हणाला तर राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर ठेवा, म्हणजे तो फक्त वाय-फाय देईल, आणि बॉक्सचं वाय-फाय बंद करा. यूट्यूब, ऑफिसच्या मीटिंगा, मुलांचे क्लास यांत काडीचाही फरक पडणार नाही. दोन्हीकडे राउटर मोड राहिला तर मात्र डबल नॅट होतं, म्हणजे घरातल्या उपकरणांचे नेटवरचे पत्ते दोनदा बदलले जातात. ब्राउझिंग चालतं, पण ऑनलाइन गेम आणि बाहेरून कॅमेरा बघणं अडखळू शकतं. बॉक्सला लँडलाइन जोडलेली असेल तर ब्रिज करण्याआधी फोन चालू राहील ना, एवढं विचारून घ्या.

लाइट गेल्यावर नेट टिकावं म्हणून छोटा यूपीएस लावला असेल तर तोही तपासा. जुने राउटर १२ व्होल्ट १ अँपिअरवर चालायचे, नव्यांना बरेचदा दीड ते दोन अँपिअर लागतात. कमी क्षमतेच्या यूपीएसवर राउटर सारखा रीस्टार्ट होतो आणि आपण नेटला बोल लावतो. अडॅप्टरवर ‘आउटपुट’पुढे लिहिलेला आकडा यूपीएसशी ताडून बघा.

हे सगळं करून, आठ वायरींची खात्रीची केबल गिगाबिट पोर्टात लावूनही राउटर १००च दाखवत असेल, तर तीच केबल गिगाबिट पोर्टाच्या लॅपटॉपला लावा. लॅपटॉपवर १००० आलं तर राउटरचंच पोर्ट खराब आहे. मग परतीची मुदत संपायच्या आत तो बदलून घ्या.