कोल्हापुरात गृहसजावटीचा व्यवसाय करताना समाजमाध्यमांवर माणसे कशी जोडावीत?

आपल्या प्रश्नात आपण लिहिले आहे की, राजारामपुरीत गृहसजावटीचे कार्यालय थाटल्यापासून आपण पूर्ण झालेल्या कामांचे फोटो इन्स्टाग्रामवर नियमित टाकता, त्यांना लाइकही बरे मिळतात. परंतु कोणी काही विचारत नाही आणि त्यातून कामही येत नाही. मी याच शहरात याच व्यवसायात असल्यामुळे माझे मत सांगतो.

माझ्या दृष्टीने अडचण फोटोंच्या दर्जात नसून ते फोटो कोणत्या टप्प्यावर काढले जातात यात आहे. काम संपल्यावर, उशा नीट मांडून काढलेल्या फोटोखाली ‘सुंदर’ याखेरीज कोणी काय लिहिणार? निर्णय व्हायचा असतो तेव्हाच माणसांना बोलावेसे वाटते. स्वयंपाकघर उघडे ठेवावे की बंद, हा प्रश्न आपण एखाद्या साध्या नकाशासह मांडून पाहा. ज्या घरात दर रविवारी तांबड्या रश्श्याची फोडणी बसते, तिथे वास आणि तेलकट धूर हॉलच्या पडद्यांपर्यंत पोहोचू नये म्हणून चिमणीचा पाइप किती लांब आणि किती वळणांचा असावा, यावर घरातील बायका, सासवा आणि चिमणी बसवणारे कारागीर असे सर्वजण आपणहून लिहू लागतात. पेठेतील तालमीच्या कट्ट्यावर विषय निघाल्यावर जसे होते, तसेच हे आहे: कोणीतरी विषय काढावा लागतो आणि नंतर बराच वेळ गप्प बसून ऐकावे लागते. लोक आपल्याला उत्तरे देतात तोवर ते केवळ प्रेक्षक असतात. ते एकमेकांना उत्तरे देऊ लागले की समुदाय तयार झाला, असे मी मानतो.

विषय कोठून आणावेत, याचे उत्तर आपल्या शहरातच आहे. 2019 आणि 2021 च्या महापुरात शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर आणि नदीकाठच्या वस्त्यांतील अनेक तळमजल्यांत पाणी शिरले, आणि फुगलेली कपाटे उपसून बाहेर काढावी लागलेल्या कुटुंबांना आजही नवे फर्निचर करताना पहिली शंका प्लायवूडचीच येते. अशा वाचकांसाठी प्लायच्या शीटवरील शिक्क्याचा जवळून काढलेला एक फोटो पुरेसा आहे. आयएसआयची खूण बहुतेकांना ओळखता येते, पण तिच्यासोबतचा क्रमांक फार थोडे लोक वाचतात. आयएस 303 हे सर्वसाधारण वापराच्या प्लायचे मानक असून त्यात ओलाव्याला तोंड देणारी एमआर आणि त्याहून टिकाऊ बीडब्ल्यूआर असे दर्जे येतात, तर पाण्याला अधिक टिकणाऱ्या मरीन प्लायसाठी आयएस 710 हे वेगळे मानक आहे, एवढे साध्या मराठीत लिहिले तरी लोक ती पोस्ट जपून ठेवतात आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवतात. पुढे हेही प्रामाणिकपणे लिहावे की, मरीन प्लाय झाला तरी तो गाळमिश्रित पाण्यात दिवसेंदिवस बुडून राहण्यासाठी नसतो. म्हणून पूररेषेजवळच्या तळमजल्यावर ओट्याखाली कडाप्प्याचे कप्पे किंवा स्टीलची ट्रॉली-चौकट करणे आणि विजेचे पॉइंट मागील पुराच्या खुणेच्या वर घेणे अधिक शहाणपणाचे ठरते. आपले नुकसान होईल असे वाटणारे हे वाक्यच आपल्यावरचा विश्वास वाढवते.

पैशांविषयी बोलायला आपल्या व्यवसायातील बहुतेकजण कचरतात, आणि लोकांना सर्वाधिक उत्सुकता तिथेच असते. दर सांगायचे नसतील तर दर कसा मोजला जातो ते तरी सांगावे: कपाटाचा चौरस फुटाचा भाव केवळ समोरच्या दर्शनी बाजूवर धरला आहे की आतील फळ्यांसह, बिजागऱ्या आणि खणांच्या सरकपट्ट्या (चॅनेल) त्यात आहेत की वेगळे, जीएसटी आणि मजुरी कोठे धरली आहे. दोन कोटेशन शेजारी ठेवून वाचायला शिकवणारी पोस्ट दहा देखण्या फोटोंपेक्षा अधिक काळ फिरते. मात्र प्रत्येक प्रश्नाला ‘डीएम करा’ (म्हणजे खासगी संदेश पाठवा) असे उत्तर देण्याची सवय सोडावी. एकाने विचारलेली शंका अनेकांच्या मनात असते, त्यामुळे उत्तर सर्वांसमोरच द्यावे.

काही बंधनेही लक्षात घ्यावीत. 1972 च्या वास्तुविशारद कायद्यानुसार नोंदणी नसलेल्याने स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही, आणि ज्यांची नोंदणी आहे त्यांच्या जाहिरातबाजीवर 1989 च्या व्यावसायिक आचारनियमांनी मर्यादा घातल्या आहेत. माहितीपर लिखाण हा मार्ग त्यांच्यासाठी म्हणूनच अधिक सुरक्षित आहे. एखाद्या लॅमिनेट कंपनीकडून मोबदला घेऊन तिची शिफारस करत असाल, तर तसे स्पष्ट लिहावे. जाहिरात मानक परिषदेची 2021 ची मार्गदर्शक तत्त्वेही तेच सांगतात. घरमालकाची लेखी संमती घ्यावी आणि संमती असली तरी दारावरची पाटी, तिजोरीची जागा आणि मुलांचे चेहरे फोटोत येऊ देऊ नयेत. सुताराचे किंवा पॉलिश मिस्त्रीचे नाव मात्र त्याला विचारून अवश्य द्यावे. आपल्या धंद्यात ते फार क्वचित दिले जाते, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

रोज रील टाकणे, विकत घेतलेले फॉलोअर आणि हॅशटॅगची लांब शेपटी यांवर वेळ घालवू नये. आठवड्याला एक विचारपूर्वक लिहिलेली पोस्ट आणि त्याखालच्या चर्चेला दिलेला तासभर पुरेसा असतो. व्हॉट्सॲपवर ग्रुप काढायचा असेल, तर जुने ग्राहक आणि त्यांनी सुचवलेली माणसे एवढ्यांपासून सुरुवात करावी आणि सुप्रभातच्या संदेशांना पहिल्याच दिवशी मनाई करावी. पावसाळ्यापूर्वी गच्चीची गळती आणि भिंतीची ओल या विषयांवर असा ग्रुप आपोआप जागा होतो.

गुगलवर कोणी नाराजीचा अभिप्राय दिला, तर वाद न घालता त्याखालीच आपण कोणत्या दिवशी येऊन पाहणार ते लिहावे, आणि दुरुस्ती झाल्यावर तो अभिप्राय काढून टाकण्याची विनंती न करता त्यात पुढे काय झाले ते जोडण्याची विनंती करावी. नवीन ग्राहक तारीफ वरवर चाळतात, पण तक्रार आणि तिचे उत्तर शेवटपर्यंत वाचतात.