रेकॉर्डर घेतला, आता आवाज कसा घ्यायचा?

ह्या महिन्यात वाचकांचे जे प्रश्न आले त्यातले बरेचसे एकाच वस्तूबद्दल आहेत, हातात मावणारा डिजिटल रेकॉर्डर. कोणाला घरच्या म्हाताऱ्या माणसांचं बोलणं साठवायचंय, कोणाला पॉडकास्ट सुरू करायचाय, कोणाला व्याख्यानं घ्यायचीत. म्हणून ह्यावेळचं पान सगळं आवाजाला देतोय.

प्रश्न : माझी आजी ऐंशीच्या पुढची आहे, माहेर भंडाऱ्याकडचं. तिला जात्यावरच्या ओव्या आणि जुन्या गोष्टी बहुत येतात. आम्ही फोनवर रेकॉर्ड करून पाह्यलं पण कूलरचाच आवाज जास्त येऊन राहिला. चांगला रेकॉर्डर घेतला तर कूलर जाईल का? कोणता घ्यावा?
– एक वाचक, नंदनवन

उत्तर : दादा, रेकॉर्डर बदलून कूलर जात नाही. चांगला माईक जे खोलीत आहे ते सगळं पकडतो, त्यात कूलर पण आलाच. आणि नंतर सॉफ्टवेअरने काढून टाकू असं मनात असेल तर तेही सोडून द्या, कारण कूलरचा आवाज एका जागी बसलेला नसतो, पंख्याची घरघर खालच्या पट्टीत, ताट्यांवरून पडणाऱ्या पाण्याची आणि हवेची सरसर वरच्या पट्टीत, आणि आपल्या बोलण्यातले स, श, फ हे पण नेमके त्याच वरच्या सरसरीसारखे असतात, त्यामुळे सॉफ्टवेअर कूलर पुसायला गेलं की आजीचे स आणि श पण पुसतं आणि आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. थोडी घरघर राहिली तर चालते, कान तिची सवय करून घेतो. पाण्याखालचा आवाज मात्र कोणी दहा मिनिटं पण ऐकत नाही.

फोनमध्ये अजून एक भानगड असते. आवाज आपोआप कमीजास्त करण्याची सोय त्यात बहुतेक चालूच असते, म्हणजे आजी श्वास घ्यायला थांबली की फोनला वाटतं आवाज कमी झाला आणि तो सगळं वर उचलतो, कूलर एकदम अंगावर येतो, ती बोलायला लागली की परत खाली जातो. रेकॉर्डरमध्ये ही ऑटो लेव्हल बंद करता येते, आणि माझ्या मते बोलण्यासाठी रेकॉर्डर घ्यायचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे.

आता उपाय. नवतपा (उन्हाळ्यातले सगळ्यात तापणारे नऊ दिवस) लागलेला असताना ऐंशीच्या बाईला कूलर बंद करून दुपारी बसवायचंच नाही, तिची तब्येत आधी. पहाटे साडेपाच-सहाला बसा, तेव्हा हवा बरी असते आणि रस्ता पण शांत असतो. पंखा, फ्रिज बंद. ट्यूबलाईटचा जुना चोक गुणगुणत असेल तर तोही बंद, आपली वीज 50 हर्ट्झची आहे आणि ती गुणगुण रेकॉर्डिंगमध्ये 100 हर्ट्झवर बसते, पुरुषी जाड आवाजाच्या अगदी मांडीला मांडी लावून. वीस-पंचवीस मिनिटं झाली की थांबा, कूलर लावा, चहा घ्या, परत बसा.

आणि अंतर! ह्या सगळ्या पानावर एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. माईक तोंडापासून एक वीत, फार तर दोन. अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो, पण खोलीतली घरघर तेवढीच राहते. म्हणजे एका वितेवरचा रेकॉर्डर चार वितांवर नेला तर आजी 12 डेसिबलने खाली गेली आणि कूलर तिथेच. अगदी तोंडासमोर धरू नका, हनुवटीच्या जरा खाली आणि थोडा बाजूला ठेवा, नाहीतर प, फ, भ म्हणताना हवेचा फटका माईकवर बसतो. माईकवर घालायची फोमची टोपी मिळते ती लावून ठेवा.

रेकॉर्डर आजीच्या खाटेवर किंवा मांडीवर नको. वेगळ्या स्टुलावर टॉवेलची जाड घडी करून त्यावर ठेवा किंवा छोटा ट्रायपॉड घ्या, बहुतेक रेकॉर्डरला खाली स्क्रूची जागा असते. बांगड्यांचा आवाज येईल, येऊ द्या, तिला काढायला लावू नका. ओव्या शक्य असेल तर खरोखर जातं फिरवत म्हणू द्या, त्या घरघरीची लय आणि ओवीची लय एकच असते, फक्त माईक जात्याकडे न करता तोंडाकडे करा, आणि नंतर तेच शब्द एकदा नुसते बोलून घ्या म्हणजे कोणता शब्द आहे ते कळतं. मधे टोकू नका, तारीख चुकली, नाव चुकलं तरी बोलू द्या, ते सगळं झाल्यावर विचारा.

मॉडेल म्हणाल तर झूमचा एच-वन-एन किंवा त्याच्यानंतर 2024 साली आलेला एच-वन इसेन्शियल, नाहीतर टॅस्कॅमचा डीआर-05-एक्स, ह्यातला कोणताही बोलण्यासाठी पुरेसा आहे. तिघेही दोन पेन्सिल सेलवर चालतात, प्रत्येक बैठकीला ताजे सेल टाका, सेल मधेच गेला तर चालू असलेली फाईल कधीकधी नीट बंद होत नाही. आणि पैसे जमेपर्यंत थांबू नका, आत्ता फोन आहे तर फोनला साधा कॉलर माईक लावून पहाटे सुरू करा. आकाशवाणीचं नागपूर केंद्र 1948 पासून आहे, तिथे कितीतरी आवाज नोंदले गेले, पण भंडाऱ्याकडच्या एका घरातली ओवी नोंदवायला तिथून कोणी येणार नाही, ते तुम्हालाच करावं लागेल.

प्रश्न : आम्ही दोघं मित्र प्रतापनगरला एका रिकाम्या फ्लॅटमध्ये पॉडकास्ट करून राहिलो. रेकॉर्डर टेबलच्या मधोमध ठेवतो. आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो आणि माझा मित्र नेहमी हळू ऐकू येतो. डब्ल्यूएव्ही ठेवायचं की एमपी-3?
– दोन श्रोते आणि बोलके

उत्तर : रिकामा फ्लॅट हीच अडचण आहे. उघड्या भिंती, टाईल्सची फरशी, काचेची खिडकी, आवाज सगळीकडून आपटून परत येतो, आणि हा घुमारा रेकॉर्ड झाला की तो नंतर धड निघत नाही. फोमच्या काळ्या चौकोनी पट्ट्या भिंतीला चिकटवण्यावर पैसे घालू नका, पातळ फोम फक्त वरचे स्वर शोषतो आणि खोली अजून डब्यासारखी वाटायला लागते. गाद्या उभ्या करा, खाली सतरंजी, खिडकीवर जाड चादर, मागे दोरीवर दोन गोधड्या टाका. कपड्यांनी भरलेलं कपाट असलेली बेडरूम असेल तर तीच वापरा, हॉल सोडा.

मित्र हळू येतो कारण टेबलच्या मधोमध ठेवलेला रेकॉर्डर दोघांपासूनही दूर आहे आणि त्याच्यापासून बहुधा थोडा जास्त. शिवाय अशा बऱ्याच रेकॉर्डरवरचे दोन माईक तिरपे एकमेकांवर लावलेले असतात ते स्टीरिओसाठी, म्हणजे तुम्ही डाव्या कानात आणि तो उजव्या कानात. गाडी चालवताना एकच इअरफोन लावून ऐकणाऱ्याला अर्धाच माणूस ऐकू येतो. बोलण्याचा पॉडकास्ट शेवटी मोनो करा, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज.

पुढे मागे खर्च करायची तयारी असेल तर दोन एक्सएलआर माईक (तीन पिनांच्या जाड वायरचे) लागतील असा रेकॉर्डर बघा, झूमचा एच-फोर-एन प्रो किंवा एच-फाईव्ह, टॅस्कॅमचा डीआर-40-एक्स, आणि दोन डायनॅमिक माईक. कंडेन्सर माईक इंटरनेटवर सगळे सुचवतात पण तुमच्या खोलीत तो शेजारच्यांचा मिक्सर पण पकडेल, डायनॅमिक माईक जवळचंच जास्त ऐकतो आणि त्याला 48 व्होल्टचा फँटम पॉवर (केबलमधून माईकला दिली जाणारी वीज) पण द्यावा लागत नाही. दोन माईकमधलं अंतर प्रत्येकाच्या तोंड ते माईक अंतराच्या निदान तिप्पट ठेवा, म्हणजे एकाचा आवाज दुसऱ्याच्या माईकमध्ये कमी शिरतो. दोघांचे ट्रॅक वेगळे राहिले की हळू बोलणाऱ्याला नंतर वर उचलता येतं.

रेकॉर्ड करताना नेहमी डब्ल्यूएव्ही (आवाज न दाबता पूर्ण साठवणारी फाईल), 24 बिट 48 किलोहर्ट्झ. स्टीरिओत तासाला साधारण 1 जीबी लागतं, 32 जीबीच्या कार्डात तीसेक तास बसतात, म्हणजे कंजुषी करायचं कारणच नाही. एमपी-3 फक्त शेवटी, लोकांना द्यायच्या वेळी. ऑडॅसिटी हे आवाज एडिट करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात लाउडनेस नॉर्मलायझेशन नावाचा पर्याय आहे, मोनोसाठी उणे 19 आणि स्टीरिओसाठी उणे 16 एलयूएफएस (कानाला आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप) ठेवा, मग तुमचा भाग ऐकताना कोणाला आवाज वाढवावा लागणार नाही. आणि सुरुवातीला अर्धा मिनिट दोघंही गप्प बसून नुसती खोली रेकॉर्ड करा, एडिटिंगमध्ये फार कामी येते.

प्रश्न : शंकरनगर भागात आमचं ज्येष्ठ नागरिकांचं मंडळ आहे, दर महिन्याला व्याख्यान असतं. मिक्सरमधून वायर घेऊन रेकॉर्ड केलं तर आवाज फाटतो, खुर्चीत बसून केलं तर फक्त खोकले येतात.
– एक निवृत्त शिक्षक

उत्तर : काका, मिक्सरमधून लाईन लेव्हलचा सिग्नल येतो, तो माईकच्या इनपुटला फार जास्त होतो म्हणून फाटतो. रेकॉर्डरच्या मेनूत लाईन आणि माईक असा पर्याय असेल तर लाईन करा, नसेल तर आवाज उतरवणारी अटेन्युएटर केबल मिळते ती लावा आणि साउंडवाल्याला त्या आउटचा नॉब खाली करायला सांगा. मीटर बोलताना उणे 12 डेसिबलच्या आसपास नाचला पाहिजे, शून्याला कधीच टेकू नये, शून्याला टेकलेला डिजिटल आवाज तिथे कापलाच जातो आणि परत मिळत नाही. कमी वाटला तर घाबरू नका, 24 बिटमध्ये नंतर वाढवता येतो. हल्ली 32 बिट फ्लोटचे रेकॉर्डर आलेत, त्यात लेव्हल लावायचं टेन्शन नाही हे खरं, पण घुमारा आणि खोकले त्यानेही जात नाहीत.

माझं ऐकाल तर मिक्सरच्या भरवशावर राहूच नका. छोटा रेकॉर्डर वक्त्याच्या खिशात आणि कॉलर माईक सदऱ्याला, गळ्याखाली एका वितेवर. फक्त कॉलर माईक घेताना पिन बघा, पिनवर तीन काळ्या रिंगा असतील तर तो फोनसाठीचा, दोन असतील तर रेकॉर्डरला चालतो, नाहीतर मधे अडॅप्टर लागतो. बाजारात सीताबर्डीला दुकानदार दोन्ही एकच म्हणून देतात, तिथेच लावून इअरफोनने ऐकून घ्या. शाल घालायचा कार्यक्रम असेल तर शाल माईकवर घासते, तेवढं वक्त्यांना आधी सांगून ठेवा. आणि रेकॉर्ड करतोय हे पण त्यांना विचारूनच.

प्रश्न : मारबतीची (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात निघते ती) मिरवणूक रेकॉर्ड करायची आहे. काय काळजी घेऊ?
– पत्रकारितेची विद्यार्थिनी, महाल

उत्तर : ताई, लेव्हल घरूनच खूप खाली लावून जा, ढोल समोर आला की बटणं शोधायला वेळ नसतो. ऑटो लेव्हल इथे पण बंद, नाहीतर प्रत्येक ढोलाच्या ठोक्यानंतर गर्दी गायब होते. फोमची टोपी उघड्यावरच्या वाऱ्याला पुरत नाही, केसाळ कव्हर लागतं. लो-कट (खालच्या पट्टीतले आवाज कापणारी सोय) 80 हर्ट्झला चालू करा म्हणजे वाऱ्याचा दणका कमी होतो, पण ढोलाची खोली हवी असेल तर तो बंद ठेवून भिंतीच्या आडोशाला उभ्या रहा. एका जागी थांबा आणि ‘घेऊन जा गे मारबत’ ही आरोळी लांबून येऊन, अंगावरून जाऊन, लांब जाईपर्यंत न हलता पूर्ण घ्या. स्टीरिओ माईकचा खरा उपयोग इथे आहे. लोकांच्या मुलाखती मात्र शेजारच्या गल्लीत नेऊन, जवळून.

प्रश्न : वडिलांच्या भजनाच्या जुन्या कॅसेटी आहेत. रेकॉर्डरमध्ये घेता येतील?
– एक वाचिका, सक्करदरा

उत्तर : नक्की येतील, आणि लवकर घ्या. आधी कॅसेटच्या वरच्या कडेला असलेल्या दोन प्लॅस्टिकच्या पट्ट्या तोडून टाका म्हणजे चुकून त्यावर दुसरं रेकॉर्ड होणार नाही. टेपरेकॉर्डरचं हेड स्पिरिटने पुसा, कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे फिरवून घ्या, वर्षानुवर्षं पडून टेप एकमेकाला चिकटलेली असते. मग टेपच्या लाईन आउटमधून, नसेल तर हेडफोनच्या पिनमधून आवाज अर्ध्यावर ठेवून वायर रेकॉर्डरच्या लाईन इनला. हे वेगात होत नाही, नव्वदच्या कॅसेटला दोन्ही बाजू मिळून दीड तास लागतोच. त्या वेळात इअरफोन लावून सोबत ऐका, टेप कुठे अडकली ते लगेच कळतं.

खरखर काढायचा मोह होईल. मूळ फाईल जशी आली तशी वेगळी ठेवा, साफसफाई दुसऱ्या प्रतीवर करा, कारण आज ज्या सॉफ्टवेअरने साफ कराल त्यापेक्षा चांगलं पुढे येईल आणि तेव्हा मूळच लागेल. एक प्रत हार्ड डिस्कवर, एक बहीण-भावाच्या घरी, एक ऑनलाईन. फाईलच्या नावात वडिलांचं नाव, गाव आणि साल टाका, पेटीवर कोण होतं, झांजा कोणाच्या होत्या ते आईला आत्ताच विचारून एका कागदावर लिहा आणि त्या कागदाचा फोटो त्याच फोल्डरमध्ये ठेवा.