मुदतवाढीच्या अर्जात एक ओळ जास्त लिही

पहिलं सरकारी बांधकामाचं कंत्राट मिळालं, अभिनंदन. आता दराइतकंच लक्ष कागदाकडे दे. कार्यारंभ आदेश हातात, पण जागाच ताब्यात नाही, नकाशे दोन महिने उशिरा, हे नेहमीचंच. मग साहेब म्हणतात, "मुदतवाढीचा अर्ज टाका, दंड लावत नाही." आपण खूश होऊन सही करतो आणि तिथेच फसतो. भारतीय करार कायदा, 1872 चं कलम 55 सांगतं की समोरच्याचा उशीर मुकाट्याने स्वीकारलास तर त्याची भरपाई नंतर मागता येत नाही. स्वीकारतानाच तशी सूचना द्यावी लागते. म्हणून त्याच अर्जात लिही, की बसून राहिलेले मजूर आणि यंत्रांचं भाडं यांच्या भरपाईचा हक्क मी राखून ठेवत आहे. साहेबांना आवडणार नाही. चालेल.

जादा काम तोंडी सांगितलं तर त्याच संध्याकाळी ईमेल टाक. पाया बुजण्याआधी मोजमाप पुस्तकात नोंद करून घे, नंतर खोदाई कोण मोजणार?

'अधीक्षक अभियंत्याचा निर्णय अंतिम' एवढंच निविदेत असेल तर त्याला लवादाचं, म्हणजे वाद कोर्टाऐवजी त्रयस्थ पंचाकडे नेण्याचं, कलम समजू नकोस. अशा कलमांवर कोर्टात अनेकजण हरलेत. खरं कलम असलं तरी दाव्याची मुदत साधारण 3 वर्षं, आणि नुसत्या स्मरणपत्रांनी ती वाढत नाही. लवाद सुरू होतो तो 1996 च्या लवाद व सलोखा कायद्याच्या कलम 21 ची, म्हणजे वाद लवादाकडे सोपवा अशी, नोटीस समोरच्याला मिळाली त्या दिवशी. तिची पोच जपून ठेव.