भावाची तुम्ही न पाहिलेली वर्षे

प्रश्न : लग्नानंतर मी ऑस्ट्रेलियात आले, त्याला वीस वर्षे होऊन गेली. माझा धाकटा भाऊ सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत, म्हणजे शेतकऱ्यांचा माल दलालीवर विकून देण्याची पेढी, पाहत असे. गेल्या पावसाळ्यात, वयाच्या 47व्या वर्षी, हृदयविकाराने तो गेला. घरी फोन केला की बोलणे त्या शेवटच्या रात्रीवर येऊन थांबते. वर्षश्राद्धाला मी येणार आहे आणि त्याच्या नावाने आमच्या शाळेला देणगी द्यावी असे मनात आहे. दिवाणजी परवा सहज म्हणाले, की भाऊ वहीत शेतकऱ्यांच्या नावांपुढे पेन्सिलीने काहीबाही लिहून ठेवायचा. त्याची आठवण नीट राहावी म्हणून आणखी काय करता येईल?

उत्तर : ताई, वय झालेले माणूस गेले की भेटायला येणारे 'सोने झाले' म्हणतात आणि बोलणे आपोआप त्याच्या आयुष्याकडे वळते. घरातला कर्ता माणूस गेला की तसे होत नाही. दवाखान्यात तासभर आधी नेले असते तर, आदल्या दिवशी छातीत दुखत होते तेव्हाच ऐकले असते तर, याच दोन प्रश्नांभोवती घर महिनोन्‌महिने फिरत राहते. तुमच्या आई 'मला न्यायचे सोडून त्याला नेले' असे म्हणत असतील, तर त्यांना म्हणू द्या. त्यांची समजूत घालण्याची घाई करू नका. मात्र त्या रात्रीपलीकडचा भाऊ घरात परत यावा असे वाटत असेल, तर त्याची सुरुवात तुम्हालाच करावी लागेल, कारण तुम्ही दूर होता आणि तुम्हाला खरोखरच पुष्कळ विचारायचे आहे.

तुमच्याजवळ त्याचे लहानपण आहे. श्रावणी सोमवारी हरिपूरच्या जत्रेत तुमचे बोट धरून चालणारा मुलगा घरात तुमच्याइतका कुणाला ठाऊक असणार? पण तुम्ही परदेशी गेल्यानंतर तो जो माणूस झाला, त्याच्याशी तुमची ओळख रविवारच्या फोनपुरती आणि सुट्टीतल्या जेवणावळींपुरती राहिली. परदेशात राहणाऱ्या बहुतेक भावंडांचे असेच होते, त्यात दोष कुणाचाच नाही. तो अकाली गेला म्हणून त्याचे आयुष्य अर्धवट राहिले असे सगळे म्हणतील. मला ते मान्य नाही. रोज सकाळी पेढी उघडून, माल उतरवून घेऊन, शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे, चुकती करून त्याने जी वर्षे घालवली, ती पुरी जगलेली वर्षे आहेत. ती ज्यांनी जवळून पाहिली, त्या माणसांकडे तुम्ही जायला हवे.

म्हणून दिवाणजींचे ते वाक्य मला देणगीपेक्षा मोलाचे वाटते. वहिनींची परवानगी घेऊन ती वही पाहा. एखाद्या नावापुढे 'विहीर', दुसऱ्यापुढे 'मुलगी बारावीला', तिसऱ्यापुढे 'आईचे ऑपरेशन' असे काही निघाले, तर ते कशासाठी लिहिले होते हे दिवाणजींनाच विचारावे लागेल. कुणाच्या उचलीचा, म्हणजे आगाऊ नेलेल्या पैशांचा, तगादा कधी लावायचा नाही, याची ती खूण असेल. कदाचित आणखी काही असेल. तर्क करत बसू नका, विचारा आणि त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. पानांचे फोटो काढा, पण त्यात इतरांच्या देण्याघेण्याचे आकडे असतील, ते घराबाहेर जाऊ देऊ नका.

हमालांनाही भेटा. 'माझा भाऊ कसा होता' असे विचाराल तर 'देवमाणूस होता' एवढेच उत्तर मिळेल आणि समोरचा डोळे पुसेल. त्याऐवजी तो पेढीवर आला की आधी काय करायचा, कुणावर चिडायचा, राजापुरी हळकुंड हातात घेऊन काय पाहायचा, असे विचारा. 2019च्या ऑगस्टमधला पूर कुणी विसरलेले नाही. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट असताना कृष्णेचे पाणी तेव्हा 57 फुटांवर गेले होते. त्या दिवसांत तो कुठे होता, कुणाबरोबर होता, हे सांगणारे कुणी ना कुणी निश्चित भेटेल. तुम्ही पावसाळ्यात येणार आहात हेही बरे, कारण हळदीचा ऐन हंगाम तोवर ओसरलेला असतो आणि यार्डातल्या माणसांना बसून बोलायला सवड असते.

त्याचा तापट स्वभाव, अडलेली वाटणी, न पाळलेली पथ्ये हेही कानावर येईल. ते गाळू नका. त्याच्या मुलापुढे निर्दोष बाप उभा केलात, तर त्या मुलाला स्वतःच्या प्रत्येक चुकीची लाज वाटत राहील. 'आता घरातला कर्ता तूच' हे वाक्य तर कुणालाही त्याच्याशी बोलू देऊ नका. आलेल्या पाहुण्यांनी ते म्हटलेच, तर तिथल्या तिथे थांबवा. वहिनी बोलत नसतील, तर त्यांना प्रश्न विचारू नका. तुम्ही जमवलेले त्यांच्यासमोर वाचून दाखवा. त्यांना वाटेल तेव्हा त्या दुरुस्ती करतील.

त्याच्या फोनमधले फोटो आणि आवाजी संदेश वेळीच दुसरीकडे उतरवून ठेवा. गूगलचे खाते सलग दोन वर्षे वापरले गेले नाही, तर ते आतल्या फोटोंसकट काढून टाकले जाऊ शकते.

आता देणगी. तुम्ही अजून भारतीय नागरिक असाल आणि स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँकमार्गे रक्कम दिलीत, तर अडचण नाही. परंतु ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व घेतले असेल, तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळणारे कार्ड) असले तरी ती रक्कम 2010च्या परकीय अभिदान नियमन कायद्याखाली येते. ती घेण्यासाठी संस्थेकडे त्या कायद्याची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील ठराविक खात्यातच यावे लागतात. शाळा चालवणाऱ्या संस्थेला हे आधी विचारा. देणगी कशासाठी द्यायची हे मात्र यार्डात जाऊन आल्यानंतर, वहिनी आणि भाच्याशी बोलून ठरवा. वर्षश्राद्धाच्याच दिवशी ती जाहीर झाली पाहिजे असे काही नाही.

आणि तिकीट काढण्याआधी घरी तिथी विचारून घ्या. चांद्रवर्ष सुमारे 354 दिवसांचे असल्यामुळे वर्षश्राद्ध इंग्रजी तारखेच्या दहा-अकरा दिवस आधी येते. मध्ये अधिक महिना पडला, तर तेच अठरा-एकोणीस दिवस पुढे जाते.