शहर निवडताना त्याची तिजोरी कोण भरतं तेही बघ

तुझा मेसेज लांबलचक होता, बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात लिहिते: हिंजवडीत एम्बेडेडचं (यंत्रांच्या आतल्या सॉफ्टवेअरचं) काम, एक ऑफर स्टुटगार्टजवळच्या गाड्यांच्या कंपनीची, दुसरी बर्लिनची पण पगार कमी, बायको आणि दीड वर्षाची लेक बरोबर येणार, आणि शेवटी "ताई, जर्मनीत सरकारी कामं सगळीकडे सारखीच चोख असणार ना, मग जास्त पगाराची घेऊन टाकू?"

नाही रे, सारखी अजिबात नसतात.

हिंजवडीचं तुला मी काय सांगणार. आयटी पार्क एमआयडीसीचा, गाव ग्रामपंचायतीचं, वाकडची बाजू पिंपरी-चिंचवड महापालिकेची, बायपास एनएचएआयचा (राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण), २०१५ पासून वरून पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), शिवाजीनगरची मेट्रो पीएमआरडीएकडे आणि पुण्यातल्या बाकी दोन लाइनी महामेट्रोकडे. पाऊस पडून रस्त्यावर पाणी साचलं की जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो आणि गंमत म्हणजे कागदावर प्रत्येकाचं बरोबरच असतं. पैशाचंही तेच. २०१३ ला पुण्यातली जकात जाऊन एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, २०१५ ला तो बहुतेक व्यापाऱ्यांना माफ झाला, २०१७ ला जीएसटी आला आणि आता महापालिका राज्याकडून येणाऱ्या भरपाईवर बसलीये. तुझ्या स्लिपवर कापला जाणारा वर्षाचा २५०० रुपये प्रोफेशन टॅक्स, तोही राज्याचाच. त्यात मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षं दोन्ही महापालिकांत नगरसेवकच नव्हते, प्रशासक. म्हणजे कंपनी आली काय नि गेली काय, ज्याच्या दारात ती आहे त्याला फारसा फरकच पडत नाही.

इथे जर्मनीत पडतो. इथे गेवेर्बेश्टॉयर म्हणून कंपन्यांच्या नफ्यावर टॅक्स असतो आणि तो मुख्यतः गावाचा, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचा (थोडा हिस्सा वर जातो). ३.५ टक्के हा पाया केंद्राचा, त्याला किती टक्क्यांनी गुणायचं ते गावाची काउन्सिल ठरवते, म्युनिकमध्ये ४९० म्हणजे १७ टक्क्यांच्या वर, बर्लिनमध्ये ४१० म्हणजे १४ च्या वर. टॅक्स जास्त असूनही मोठ्या कंपन्या म्युनिकला चिकटून आहेत, त्यामुळे "टॅक्स कमी केला की उद्योग येतात" हे सांगणाऱ्यांवर माझा फारसा विश्वास नाही, माणसं नि सोयी लागतात. वर तुझ्यासारख्यांच्या इन्कम टॅक्समधला साधारण १५ टक्के हिस्सा गावांकडे येतो आणि तोही तू नोकरी करतोस त्या नाही, राहतोस त्या गावाच्या हिशोबात. त्यामुळे इथला महापौर कंपनीला जागा, बस, शाळा द्यायला स्वतः धडपडतो.

पण याची दुसरी बाजू स्टुटगार्टच्या पट्ट्यात जास्त दिसते. सिंडेलफिंगन म्हणजे मर्सिडीज, तसंच पट्ट्याबाहेर वोल्फ्सबुर्ग म्हणजे फोक्सवॅगन आणि इंगोलश्टाट म्हणजे आउडी. कंपनीचा नफा आटला की गावाची तिजोरी लगेच आटते, मग स्विमिंग पूल बंद, लायब्ररीचे तास कमी, फिया वाढल्या. आणि खर्च मात्र वरून लादलेले. कायदा केंद्र करतं, बिल बरंचसं गाव भरतं, २०२४ मध्ये जर्मनीतल्या गावांची-शहरांची तूट २४.८ अब्ज युरोवर गेली होती.

तुझ्या लेकीचंच बघ ना. ऑगस्ट २०१३ पासून एक वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला पाळणाघरात, म्हणजे कीटात, जागा मिळण्याचा हक्क आहे, केंद्राचा कायदा. पण जागा काढायची जबाबदारी खालच्यांवर, आणि फी बाडेन-व्युर्टेमबेर्गमध्ये गावागणिक वेगळी, इतक्या लहान मुलांना महिन्याला काही शे युरो सहज. बर्लिन शहरही आहे आणि राज्यही, तिथे २०१८ पासून कीटाची फी माफ आहे (जेवणाचे थोडे द्यावे लागतात). पगारातला फरक मोजताना हे धर, त्यातला काही भाग इथेच जातो.

व्हिसाचंही तसंच. नोव्हेंबर २०२३ पासून ब्लू कार्डचे (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या परवान्याचे) नियम सैल झाले, आणि बी-१ म्हणजे मधल्या पातळीचं जर्मन असेल तर २१ महिन्यांत कायमचं कार्ड मागता येतं. छान. पण अर्ज घेणारी खिडकी शहराची किंवा जिल्ह्याची, माणसं तिथली, आणि ती काही कायद्याबरोबर वाढली नाहीत. माझं कार्ड संपत आलं तेव्हा आमच्या इथल्या ऑफिसने ईमेलला उत्तरच दिलं नाही, मग एकदाचा घडीचा एक कागद मिळाला, जुना परवाना अजून चालू धरावा असं सांगणारा, आणि कंपनीच्या एचआरला तो खरा आहे हे पटवता पटवता नाकी नऊ आले. शेजारच्या जिल्ह्यातल्या मैत्रिणीचं तेच काम बिनबोभाट होऊन गेलं.

मी असते तर स्टुटगार्टची ऑफर घेतली असती, पण घर कंपनीच्याच गावात अजिबात नाही. कीटाची जागा आणि परवान्याची खिडकी दोन्ही राहत्या पत्त्यावर ठरतात, त्यामुळे एस-बानवरचं (उपनगरी रेल्वेवरचं) असं गाव शोध जिथे चार-पाच वेगवेगळ्या धंद्यांच्या कंपन्या आहेत. गावाचं बजेट वेबसाइटवर असतं, हाउसहाल्ट शोधलं की मिळतं, त्यात गेवेर्बेश्टॉयरची मागच्या वर्षांची ओळ बघ, खालीवर फार उड्या असतील तर सोड. परवाना शहर देतं की जिल्हा देतो तेही एचआरला आधीच विचार, छोट्या गावांना जिल्ह्याच्या ऑफिसात जावं लागतं. दोन-तीन गावांची नावं पक्की झाली की टाक इथे, तिथली कीटाची फी कुठे बघायची ते दाखवते.