गडावरचे मानकरी आवरायचे कसे?

या महिन्याच्या टपालात ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’ या कम्प्युटर गेमवरचीच पत्रं जास्त. यात बुटक्यांचा गड वसवायचा आणि सांभाळायचा असतो. टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स या भावांचा हा गेम २००६ पासून फुकट मिळतोय आणि डिसेंबर २०२२ मध्ये तो चित्रांसकट स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात आला. बहुतेक तक्रारी चाल करून येणाऱ्या गॉब्लिनांच्या नाहीत, गडावरच्या मानकऱ्यांच्या, म्हणजे मेयर-बॅरन अशा पदवाल्यांच्या आहेत. खालची उत्तरं स्टीमवरच्या आवृत्तीला धरून आहेत.

गडाचं नाव नरनाळा ठेवलं. ६० बुटके झाले अन् मेयर निवडून आला. आल्या आल्या क्लिअर ग्लासच्या ३ वस्तू पाहिजे म्हणते. आमच्याकडे काचेची भट्टीच नाही. हा असं काहून करते, अन् ह्याले आवरावं कसं?
— एक वाचक, ता. सिंदखेड राजा

लोकसंख्या ५० झाली की मेयरची निवडणूक होते, आणि तो निवडायचं तुमच्या हातात नसतं. ज्याचा गोतावळा मोठा, ज्याला बोलता-वागता येतं, तो निवडून येतो. मेयर हुकूम सोडतो ते स्वतःच्या आवडीनिवडीवरून. त्याच्या माहितीच्या पानावर व्यक्तिमत्त्वाच्या भागात त्या लिहिलेल्या असतात. एकदा वाचून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षभरात काय काय मागणार हे आधीच कळतं.

आता तुमची काच. लागतं ते असं: वाळूची पिशवी, पर्लअ‍ॅश आणि इंधन. पर्लअ‍ॅशची वाट लांबची आहे. वुड फर्नेसमध्ये १ ओंडका जाळून राख, अ‍ॅशरीत राखेचं पोटॅश, किल्न या भट्टीत १ इंधन खर्चून पोटॅशचं पर्लअ‍ॅश. मग काचेच्या भट्टीत आणखी १ इंधन. कोळसा लाकडाचाच करणार असाल तर एका वस्तूमागे ३ ओंडके, म्हणजे ३ वस्तूंना ९ ओंडके आणि वाळूच्या ३ पिशव्या. मॅग्मावरच्या भट्ट्या असतील तर इंधन लागत नाही, ३ ओंडक्यांत भागतं. वाळू गोळा करायला वाळूच्या जमिनीवर झोन (ठरावीक कामासाठीची जागा) आखा आणि पिशव्या रिकाम्या ठेवा. इथंच बहुतेकांचं अडतं: पिशव्यांमध्ये बी-बियाणं भरलेलं असतं, वाळूचं काम रद्द होत राहतं आणि मुदत निघून जाते. नुकत्याच विणलेल्या कापडाच्या ४-५ पिशव्या वेगळ्या शिवून घ्या.

कोठारातली जुनी वस्तू हुकुमात धरली जात नाही. हुकूम सुटल्यानंतर बनलेलीच मोजतात. म्हणून आधीपासून साठा करून ठेवण्यात अर्थ नाही. साठा करायचा तो कच्च्या मालाचा. हुकूम येताच मॅनेजरकडून ऑर्डर टाका आणि कार्यशाळेतलं ते काम अग्रक्रमावर घ्या.

एक फरक मात्र नीट ध्यानात घ्या. मेयर ‘माझ्या खोलीत अमुक पाहिजे’ म्हणतो ती मागणी. ती पुरी केली नाही तर तो स्वतः नाराज होतो, एवढंच. ‘अमुक बनवा’ किंवा ‘अमुक बाहेर विकू नका’ हा हुकूम. तो मोडला की शिक्षा होते, आणि ती मेयरला नाही, एखाद्या गरीब कारागिराला. दोन्ही एकत्र आले तर आधी हुकूम निस्तरा. विक्रीबंदी असेल तेव्हा व्यापाऱ्यांच्या डेपोत अख्खा बिन (मालाची पेटी) पाठवू नका. बंदीची एखादी वस्तू त्या बिनमध्ये तळाशी असते आणि सगळ्या मालाबरोबर विकली जाते.

मेयरले ऑफिस, झोपायची खोली, जेवणाची खोली, तिन्ही दिल्या. तरी तोंड वाकडंच.
— एक वाचक, दर्यापूर

खोली दिली म्हणजे झालं असं नाही, तिची किंमत बघितली जाते. मेयरला प्रत्येक खोली ‘डीसेंट’ दर्जाची लागते, म्हणजे किमान ५०० किमतीची. वस्तूची किंमत म्हणजे मूळ किंमत गुणिले धातू-दगडाचा गुणक गुणिले कारागिरी. पुतळ्याची मूळ किंमत २५. साध्या दगडाचा गुणक १, लोखंडाचा १०, सोन्याचा ३०. म्हणजे सोन्याचा एक साधा पुतळा ७५० चा. त्याला ३ बार लागतात आणि खोलीचं काम एका फटक्यात होतं. सोनं नसेल तर लोखंडाचे दोन. दगडाचाच करायचा तर मास्टरवर्क, म्हणजे सर्वोत्तम कारागिरीचा पाहिजे (गुणक १२), तोही ३०० वरच थांबतो. उरलेलं भिंती-जमीन गुळगुळीत करून आणि वर नक्षी कोरून भरून काढा. दोन खोल्यांचे झोन एकमेकांवर चढवले असतील तर दोघींची किंमत घटते. तुमच्या पत्रावरून इथंच गोम दिसते.

राजधानीचा वकील जहागिरी देतो म्हणतो. मालगुजार कोणाले करू?
— एक वाचक, कुरखेडा

घाई करू नका. मेयर निवडणुकीत पडू तरी शकतो, जहागीर मिळालेला बॅरन मरेपर्यंत राहतो आणि पुढं पदवी वारसाकडं जाते. म्हणून त्याच्या आवडीबरोबर त्याची पोरंबाळंही बघा. क्रिस्टल ग्लास आवडणारा टाळा, कारण त्याला कच्चे रॉक क्रिस्टल लागतात आणि ते सगळ्याच गडांवर सापडत नाहीत. पितळ आवडणारा तांब्याबरोबर जस्त मागणार, तेव्हा जस्ताची खाण हाताशी आहे का ते आधी पाहा. तुमच्या डोंगरातलाच दगड आणि टेबल किंवा मग असली साधी वस्तू आवडणारा निवडा. लढवय्या आहे, कर्तबगार आहे, हे बघून पदवी देण्याची चूक जवळपास सगळेच करतात.

शिक्षेत आमचा लोहार मेला. तुरुंग बांधला नव्हता म्हणून का?
— एक वाचक, आर्णी

बहुतेक हेच कारण. साखळ्या किंवा पिंजरे कमी पडले की कैदेऐवजी मार मिळतो. मारणारा गार्डचा कॅप्टन लष्करात कसलेला असला तर तो मारच जिवावर बेततो. डंजन झोनमध्ये, म्हणजे तुरुंगाच्या जागेत, ३-४ साखळ्या बसवा. साखळीला बांधलेला बुटका शेजारच्या चौकटींपर्यंतच पोचतो, तेव्हा पलंग, जेवण आणि दारू तिथंच पाहिजे. कॅप्टन निवडताना ताकदवान टाळा. अंगानं किरकोळ आणि लढाईत अननुभवी असा बघा. गडावर हॅमरर (हातोड्यानं शिक्षा देणारा) असेल तर त्याच्या हाती चांदीचा हातोडा पडू देऊ नका. चांदी जड, घाव खोल.

शेरीफ किंवा कॅप्टन नेमलाच नाही तर शिक्षा अमलात येत नाही. छोट्या गडावर हे चालतं. पण चोऱ्यामाऱ्या आणि खून व्हायला लागले की त्यांचाही निवाडा होत नाही, आणि ज्याचं नुकसान झालं तो कुढत बसतो.

मेयरवर पूल पाडून त्याले संपवता येते काय?
— तेच दर्यापूरचे वाचक

येतं. उचलता येणारा पूल खाली आला की खालचा बुटका चिरडतो. बाजूला सरकणाऱ्या पुलानं मात्र काही होत नाही. पूल हलवणाऱ्या लिव्हरला १ मेकॅनिझम (यंत्राचा भाग), पुलाशी जोडणीला २. पण हिशोब तोट्याचा आहे. नवा मेयर लगेच येतो आणि त्याच्या आवडी जुन्यापेक्षा वाईट निघू शकतात. मेलेल्याचे मित्र आणि घरचे खचतात, आणि मित्र जास्त म्हणूनच तर तो निवडून आला होता! अंत्यविधी झाला नाही तर भूत फिरतं. पूल पाडल्यावर देहही उरत नाही, त्यामुळं दगडी स्लॅबवर नाव कोरून ती बसवणं आलं. पूल बांधायचाच तर दारावर, गॉब्लिनांसाठी बांधा.

मेयरच नको असेल तर?
— एक वाचक, ता. चिखलदरा

सेटिंगमध्ये लोकसंख्येची मर्यादा आधीच २०० असते, ती ४९ च्या बरीच खाली ठेवा. जन्मणारी पोरं मर्यादा ओलांडतात, म्हणून कडक मर्यादेचा दुसरा आकडाही कमी करा. जुन्या कम्प्युटरवर गेमही हलका चालतो. तुमच्याकडे वीज केव्हाही जाते असं लिहिलंय, तर ऑटोसेव्ह दर ऋतूला लावून टाका.