'गुमराह' (1963) मधली मीना शेवटी नवऱ्यापाशीच का राहते?

तुम्ही विचारलंय की मीनाचं राजेंद्रवर इतकं प्रेम होतं, तर ती अशोकला सोडून का जात नाही, लोकलाजेला भिऊन का? मला तसं वाटत नाही. बी. आर. चोप्रांचा हा सिनेमा सीतेच्या लक्ष्मणरेषेपासून सुरू होतो, त्यामुळे बाईला धाक घालायलाच तो काढलाय असा समज होतो. माझाही होता.

मुळात मीनाचं (माला सिन्हा) लग्न कसं होतं ते बघा. नैनितालला तिचं आणि राजेंद्रचं (सुनील दत्त) जमलेलं असतं. मोठी बहीण अचानक जाते, मागे दोन लहान मुलं. भाचरांना सावत्र आई नको म्हणून मीना भाऊजींशीच, म्हणजे मुंबईच्या अशोकशी (अशोक कुमार) लग्न करते. नाही म्हणायला तिला जागाच कुठे होती?

माझ्या आजीचं लग्न असंच झालं होतं, बहिणीच्या जागी, बिजवराशी. दूरदर्शनवर हा सिनेमा लागला तेव्हा ती मेथी निवडत बसली होती. राजेंद्र मीनाच्याच घरात, तिच्या नवऱ्यासमोर पियानोवर 'चलो इक बार फिर से' गातो ना, तिथे मी सहज आजीकडे पाहिलं. तिचे हात चालू होते, पण पानं आणि काड्या एकाच ढिगात पडत होत्या. ती काही बोलली नाही, मीही विचारलं नाही. साहिरचे शब्द, रवीचं संगीत आणि महेंद्र कपूरचा आवाज (याच गाण्याला त्याला फिल्मफेअर मिळालं) हे सगळं आहेच, पण त्या प्रसंगात तुम्ही अशोक कुमारकडे बघा. समोर काय चाललंय ते त्याला कळतंय की नाही, याचा पत्ता तो शेवटपर्यंत लागू देत नाही.

आता शेवट. सगळं उघड झाल्यावर अशोक निवड मीनावर सोडतो. अशोकशी झालेल्या त्या लग्नानंतर तिला पहिल्यांदाच कुणीतरी विचारतंय, तुला काय हवंय? ती राहते ती या विचारण्यामुळे, असं मला मनापासून वाटतं. शिवाय राजेंद्रला भेटायचं म्हणजे रोज खोटं बोलायचं, आणि त्या खोट्यानं ती किती पिचून गेलीय हे मालाच्या चेहऱ्यावर दिसतंच.

मला खुपतं ते वेगळंच. राजेंद्रची बायको म्हणून येऊन मीनाला धमकावणारी, तिच्याकडून पैसे उकळणारी लीला ही खरं तर अशोकचीच सेक्रेटरी निघते. म्हणजे बायको भीतीनं अर्धी होतेय हे या माणसाला ठाऊक होतं, नव्हे, ते त्यानंच घडवून आणलं होतं. आपल्या सोलापूरच्या शशिकलाबाईंनी ती लीला अशी काही उभी केलीय की ती दारात आली तरी पोटात गोळा येतो, आणि त्या कामाचं फिल्मफेअरही त्यांना मिळालं. पण जे मीनाला शेवटी विचारलं, ते अशोकला लीला यायच्या आधीच, सरळ समोर बसून विचारता आलं असतं. त्याला मी अजून माफ केलेलं नाही.